गड्डा न धरणारी भाजी

थोरल्या काकांच्या एका गोष्टीवर आमच्या चाळीत कोणाचाच विश्वास नव्हता. गोष्ट एका पालेभाजीची होती. बर्फ पडला की त्या भाजीची पानं गोड होतात, असं काका सांगायचे.

"गोड म्हणजे कशी? जिलबीसारखी?" शेजारच्या काकू मुद्दाम विचारायच्या.

"जिलबीसारखी कशी होईल? पालाच तो. पण कडवटपणा जातो पार."

"आणि बर्फात मरत नाही?"

"नाही ना. वर हातभर बर्फ आणि खाली हिरवीगार. म्हातारी हाताने बर्फ झटकायची आणि पानं तोडायची."

"भावजी, तुम्ही बोटीवर काय काय पीत होता ते आम्ही कधी विचारलंय का?"

सगळी गॅलरी हसायची. सगळ्यांत जास्त काका हसायचे.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही, ते आमच्याकडेच राहायचे. लालबागच्या त्या एका खोलीत आई, वडील, काका आणि मी असे चौघे होतो. लढाईच्या वर्षांत बोटींवर माणसं कमी पडत होती, तेव्हा काका गोदीत जाऊन एका बोटीवर कामाला लागले. बोटीच्या पोटात, भट्टीपाशी, कोळसा ओढायचं काम. एका फेरीत त्यांचा पाय वाफेने भाजला आणि बोट त्यांना स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या इस्पितळात सोडून पुढे गेली. दुसरी बोट मिळेपर्यंतचा हिवाळा त्यांनी गोदीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी काढला. ती भाजी तिच्या परसात होती.

मला इंग्रजी शाळेत घालायचं काकांनीच ठरवलं. वडिलांना म्युनिसिपालिटीची शाळा पुरेशी वाटत होती. काकांनी बोटीवर पाहिलं होतं की ज्याला इंग्रजी येतं तो वर उजेडात राहतो आणि ज्याला येत नाही तो खाली. म्हणून मी रोज ट्रॅमने नन्सच्या शाळेत जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. शाळेत मी बोलत नसे, कारण तिथल्या मुलींचं इंग्रजी माझ्यापेक्षा वेगाने धावायचं. चाळीतही फार बोलत नसे, कारण तोंड उघडलं की काकू म्हणायच्या, "ऐका, मडम बोलतेय." त्या प्रेमानेच म्हणायच्या, पण मी तोंड मिटायची ते मिटायचीच.

मी शेवटच्या वर्गात होते तेव्हा काका आजारी पडले. छातीचं दुखणं होतं. परळच्या इस्पितळात कित्येक महिने काढून पावसाळ्याच्या शेवटी ते घरी आले. खांदे पुढे आले होते, आवाज खोल गेला होता. डॉक्टर म्हणाले होते की औषधाचं काम झालंय, आता अन्नाचं काम आहे. नीट जेवले तर उभे राहतील, नाही जेवले तर आम्ही काही करू शकणार नाही.

आणि काका जेवत नव्हते.

आई जे शक्य होतं ते सगळं करायची. तांदळाची पेज, सुक्या बोंबलाचं कालवण, कधी अंडं, कधी कलेजी. काका दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. "चव लागत नाही गो," म्हणायचे. आई ताट उचलायची आणि मोरीपाशी जरा वेळ तशीच उभी राहायची.

ते ताट वेगळं होतं. जर्मनचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, एक ताट, एक वाटी आणि एक पेला काका घरी आल्या दिवसापासून बाजूच्या फळीवर ठेवलेले असायचे. आई ती भांडी सगळ्यांत शेवटी, राख आणि कढत पाण्याने घासायची. आम्ही तिघं चुलीपाशी जेवायला बसायचो आणि काका खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. गॅलरीतल्या बायका मुलांना आमच्या दारावरून पळत पुढे न्यायच्या. काकांना ते दिसायचं, म्हणून ते दारापर्यंतही येत नसत.

इस्पितळातून मिळालेला कागद इंग्रजीत होता आणि तो मी वाचला होता. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की आता दुसऱ्याला लागण होण्याची भीती नाही, माणसाला घरात सगळ्यांसारखं वागवावं. मी आईला ते सांगितलं. एकदाच, हळू आवाजात.

आई म्हणाली, "त्यांना लिहायला काय जातंय? राहायचं आपल्याला आहे इथे. आणि तू आहेस घरात."

ती वाईट नव्हती. तिच्या धाकट्या भावाला याच दुखण्याने नेलं होतं. मी तो कागद घडी करून ट्रंकेत ठेवला.

पण मला एक गोष्ट ठाऊक होती, कारण लहानपणी ती मी काकांकडून पुष्कळदा ऐकली होती. गावाला आमच्या माणसांना कोणी पाणी दिलंच तर ते वरून ओंजळीत ओतायचं. चहाची कपबशी अंगणाच्या कडेला वेगळी पालथी घातलेली असायची. बोटीवर भट्टीपाशी काम करणारे बहुतेक रत्नागिरीकडचे मुसलमान होते. ते एका मोठ्या थाळ्याभोवती सहा-सात जण बसून एकत्र जेवायचे. पहिल्या दिवशी काका सवयीने आपली वाटी घेऊन लांब जाऊन बसले. तेव्हा सारंगाने, म्हणजे त्यांच्या टोळीच्या मुख्याने, येऊन त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली आणि म्हणाला, "इथे असलं काही चालत नाही. बस." काका सांगायचे की त्या दिवशी त्यांना किती भात खाल्ला ते समजलंच नाही.

आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं. भिंतीवरचे देव उतरले होते. आणि त्याच भिंतीच्या फळीवर एक वेगळं ताट होतं. मला ते दिसत होतं. आईला दिसत होतं की नाही, मला माहीत नाही.

भाजीचा विचार माझ्या डोक्यात भूगोलाच्या तासाला आला. भूगोल शिकवणाऱ्या सिस्टर स्कॉटलंडच्या किनाऱ्याकडच्या होत्या, वयाने बऱ्याच मोठ्या. त्यांनी फळ्यावर एक मथळा लिहिला. मराठीत तो 'थंड सागरी हवामान' असा होईल. समुद्र जवळ असला की हिवाळा फार कडक होत नाही, वर्षभर भुरभुर पाऊस असतो, असं त्या सांगत होत्या. मग खडू हातात धरून जरा थांबल्या आणि म्हणाल्या की अशा हवेत, अगदी समुद्राच्या वाऱ्यातसुद्धा, आमच्याकडे केल नावाची भाजी होते.

केल. काकाही तिला केलच म्हणायचे.

तास संपल्यावर मी पहिल्यांदाच बाकावरून उठून टेबलापाशी गेले. काय बोलायचं ते वहीत लिहून घेतलं होतं. तरीही मला एवढंच म्हणता आलं, "सिस्टर, मला त्या भाजीचं बी मिळेल का? घरी आजारी माणूस आहे." त्यांनी मान हलवून डायरीत काहीतरी टिपलं. मुली बाहेर कुजबुजत होत्या. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी मला एक पाकीट दिलं. भावाने शेतावरून पाठवलं आहे म्हणाल्या. आत मोहरीसारखे काळपट दाणे होते. आणखी काही विचारायचं आहे का, असंही त्यांनी विचारलं. विचारायला पाहिजे होतं. मी "नाही, थँक यू" म्हटलं आणि पळाले.

हे सगळं मी काकांपासून लपवून केलं. बी उगवलंच नाही तर, असं मनात होतं. आणि खरं सांगायचं तर भाजी उगवून दाखवणं मला आईशी पुन्हा त्या कागदाबद्दल बोलण्यापेक्षा सोपं वाटत होतं. सागरी हवामानातला सागर आमच्याकडे होताच. थंड हा शब्द राहिला, तो मी डिसेंबरवर सोपवला.

वडिलांनी रॉकेलचे दोन डबे आडवे कापून आणले आणि मिलच्या मागच्या मोकळ्या जागेतून माती आणली. तबेल्यातलं शेण काकूंनी आणून दिलं. डबे गॅलरीच्या टोकाला, जिन्याजवळ ठेवले. सकाळचं ऊन तिथेच यायचं आणि काकांच्या खाटेवरून तो कोपरा दिसत नसे. आठवड्याच्या आत बी उगवलं. दोन दोन पानांची रोपं पाहून काकूंनी निकाल दिला.

"हा तर कोबी."

"दुसरी भाजी आहे काकू," मी म्हटलं.

"माझा भाऊ शीवला रुळाच्या कडेला भाजी लावतो. मी कोबीचं रोप ओळखत नाही होय? इंग्रजीत नाव ठेवलं म्हणून कोबीचं काय दुसरं होतं?"

मी रोपांकडे पाहिलं. ती खरंच कोबीसारखी होती. सिस्टरनी हिला गड्डा येतो की नाही ते सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. काकांच्या गोष्टीत फक्त पानं होती, पण कोबीलाही पानंच असतात. काकूंना मात्र सगळं माहीत होतं, आणि ज्याला माहीत असतं त्याच्यापुढे मी नेहमी गप्प बसते.

तेव्हापासून आम्ही गड्ड्याची वाट पाहू लागलो. कोबीची पानं गड्डा धरायच्या आधी तोडायची नसतात, असं काकूंनी बजावलं होतं. पाच रोपं जगली. पानं मोठी झाली, कडांना कुरळी झाली. पानांवर मावा ही बारीक कीड पडली तेव्हा काकूंनी तंबाखूचं पाणी शिंपडायला दिलं. डिसेंबर गेला. गॅलरीतून येणारं-जाणारं प्रत्येक माणूस मधल्या कोंबाकडे बोट करून विचारायचं, "धरला का?" खालची पानं पिवळी पडून गळायला लागली, वरती नवी येत राहिली, रोपं ताडासारखी उंच व्हायला लागली, पण गड्डा काही धरेना.

"माती हलकी पडली," काकू म्हणायच्या.

"थंडी कमी पडली," वडील म्हणायचे.

मी रोज सकाळी पाणी घालायची आणि पिवळी पानं मुकाट्याने वेचून खाली टाकायची. आत काका अर्ध्या वाटीवरून पाव वाटीवर आले होते. त्यांचं मनगट इतकं बारीक झालं होतं की नाडी बघायला बोट लावावं लागत नसे, ती नुसती दिसायची. मला वाटायचं, गड्डा लवकर धरायला हवा.

मग तो हरताळाचा दिवस आला. त्या दिवसांत हरताळ पुष्कळ व्हायचे. शाळा बंद, ट्रॅम बंद, गिरण्यांचे भोंगे वाजले तरी आत जाणारं कोणी नाही. सकाळी दहाच्या सुमाराला मोर्चा रस्त्यावरून जाणार म्हणून सगळी चाळ खाली उतरली. वडील मोर्चातच होते. आई आणि काकू फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. मी गर्दीला भिते, म्हणून वरच थांबले. लांबून "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" अशी गर्जना येत होती आणि आमच्या मजल्यावर एक माणूस नव्हता.

मी डब्यांना पाणी घालत होते. पाठीमागे भिंतीला हात घासल्याचा आवाज आला म्हणून वळले. काका होते. गॅलरी रिकामी आहे हे त्यांना आतूनच समजलं असणार. एका हाताने भिंत धरून ते मोर्चा बघायला निघाले होते. मी धावत जाऊन कोपराला धरलं. कठड्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी खाली पाहिलंच नाही. ते डब्यांकडे बघत राहिले.

"ही कोणी लावली?"

"मी."

"कुठून आणलीस?"

"सिस्टरच्या भावाने बी पाठवलं."

ते डब्यापाशी खाली बसले. बसले म्हणजे हळूहळू उतरले. एका पानाची कुरळी कड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिली.

"मग खात का नाही? किती जून झाली ही."

"गड्डा धरायची वाट बघतोय."

"कसला गड्डा?"

"कोबीसारखा. काकू म्हणाल्या."

काका माझ्याकडे बघायला लागले आणि मग हसायला लागले. हसता हसता खोकला आला. मी पाठ चोळत राहिले, ते खोकत आणि हसत राहिले.

"अगो, हिला गड्डा नसतो. जन्मभर बसली असतीस तरी धरला नसता. खालून पानं तोडायची, वरचा कोंब राखायचा. तोडशील तशी वाढते. म्हातारी तीन महिने त्याच दहा झाडांवर आम्हाला जेवू घालत होती."

मला रडू यायला लागलं. दीड महिना मी ती पानं वेचून फेकत होते. माझं रडू काकांनी पाहिलं असावं, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते झाडाच्या बुंध्याशी वाकले आणि नखाने देठ मोडून एकेक पान माझ्या ओंजळीत देऊ लागले. "हे घे. हे नको, जून आहे. हे घे." मोर्चा खालून गेला, आवाज मोठा झाला आणि मग दादरच्या दिशेने लहान होत गेला. तोवर माझी ओंजळ भरली होती.

आई वर आली आणि काकांना गॅलरीत पाहून जिन्यातच थांबली. काकू तिच्या मागे होत्या.

"हा तुमचा कोबी," काका म्हणाले.

काकूंनी पानं पाहिली, झाडं पाहिली. "मी म्हटलंच होतं, जरा वेगळा दिसतोय," म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

भाजी काकांनी सांगितली तशी केली. पानांचे देठ काढून ती बारीक चिरायची, बटाट्याबरोबर उकडायची आणि घोटून वर लोणी घालायचं. हरताळामुळे लोणी कुठे मिळणार नव्हतं. काकूंनी न मागता वाटीत थोडं तूप आणून दिलं. आईने जर्मनच्या ताटात भाजी वाढली, भात वाढला आणि खाटेवर ठेवलं. वडील मोर्चाहून आले होते, ते हात धुऊन चुलीपाशी बसले. आम्ही कोणीच जेवायला सुरुवात केली नाही.

काकांनी एक घास घेतला. चघळत राहिले. दुसरा घेतला.

"तशीच आहे का?" आईने विचारलं.

"थोडी कडू आहे. बर्फ कुठून आणणार इथे?" ते हसले. "चांगली झालीय." आणि त्यांनी ताट सरकवलं. "बास आता. तुम्ही खा."

"आमच्यासाठी वेगळी काढलीय," आई म्हणाली. "तुम्ही तुमची खा ना भावजी. पोरीने किती महिने केलं."

"खाल्ली की," काका म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दोन घास. आजही दोनच. आईचा चेहरा मी पाहिला. तिच्याजवळ आता करून बघायला काही उरलं नव्हतं, आणि माझ्याजवळही नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट उरली आहे. मला ती इतके महिने ठाऊकच होती.

मी उठले. खाटेपाशी जाऊन जमिनीवर बसले आणि सरकवलेलं ताट पुढ्यात ओढलं. एका कडेने भाजीत भात कालवला आणि घास तोंडात घातला. भाजी कडू होती, पण वाईट नव्हती.

"अगं," आई म्हणाली. "अगं, ते ताट—"

"कागदात लिहिलंय," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येत नव्हता, पण तो बाहेर येत होता. "काही भीती नाही, असं डॉक्टरने लिहिलंय. सगळ्यांसारखं वागवा असं लिहिलंय. मी स्वतः वाचलंय आई. मला इंग्रजी येतं."

वडिलांनी आईकडे पाहिलं. मी खाली मान घालून दुसरा घास केला. मला भीती वाटत होती, दुखण्याची नाही, कोणीतरी काहीतरी बोलेल याची.

खाट करकरली. काका वळून बसले होते. त्यांनी दोन्ही पाय खाली सोडले, मग एक हात माझ्या खांद्यावर टेकून ते माझ्या समोर जमिनीवर उतरले. ताटाच्या त्यांच्या बाजूचा भात त्यांनी बोटांनी जवळ घेतला.

"एवढं मोठं ताट एकटी संपवणार होतीस होय?" ते म्हणाले.

आम्ही जेवू लागलो. ते सावकाश जेवत होते, मीही मुद्दाम सावकाश जेवत होते. मी घास मोजले नाहीत. वडील आपली पितळी घेऊन आमच्याजवळ सरकले आणि काकांना मोर्चाचं सांगायला लागले, कोण कोण भेटलं, कुठे अडवलं, कोणाची चप्पल हरवली. काका मधे मधे विचारत होते. ताटातला भात संपत आला.

आई अजून चुलीपाशी होती. तिने पदर तोंडाला लावला होता. मग तिने भाताचं भांडं उचललं, आमच्यापाशी येऊन वाकली आणि कोणाला हवा का ते न विचारता ताटाच्या मधोमध भात वाढला.